ट्रिमिंगच्या टेबलावरची थरथर : आमच्या लॅबमधल्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीनंतर आज आमची कवळ्या बनवणारी लॅब उघडली आणि पहिलंच पार्सल परत आलेल्या केसचं निघालं. खालची पूर्ण कवळी. पेशंटला तीन दिवसांत हिरडीवर जखम झाली. आतल्या बाजूला डाव्या दाढांच्या खाली कवळीच्या प्लास्टिकचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा टोकदार दाणा राहिलाय, असं डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलंय. मी कापसाचा बोळा फिरवला तर तंतू लगेच अडकले. बोट फिरवलं तर मलाही तो दाणा लागला.

कवळी काकांच्या हातची. काका बाबांच्या वेळेपासून, म्हणजे चोवीस वर्षं, आमच्याकडे आहेत. कवळी आतून बोटानं तपासून सोडण्यात त्यांचा हात धरणारं नाशकात कुणी नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून सगळे गेल्यावर त्यांना थांबवून विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, वर्ष झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. रात्री मुंग्या येऊन जाग येते. सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. तुम्ही म्हणाल, आता घरी बसा, म्हणून बोललो नाही."

ही वही आजपासून सुरू करतेय. आम्ही सहा जण, त्यातले तिघं रोज मायक्रोमोटरवर (कवळी घासायच्या हातातल्या छोट्या मोटरवर) बसतात. मला दोन गोष्टी शोधायच्या आहेत : काकांच्या हाताला नेमकं काय झालंय, आणि बाकी दोघांच्या हाताला ते होऊ नये म्हणून काय करता येईल.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन रात्री वाचत बसले. थरथरणाऱ्या हत्यारांनी हाताला होणारा त्रास नवा नाही. १९१८ साली अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले होते. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडायची आणि बधिर व्हायची. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला त्रास जास्त. एवढं जुनं असूनही आमच्या धंद्यात हे कुणी बोलत नाही, कारण आपलं हत्यार पेनाएवढं. दगड फोडणाऱ्याचं दुखणं कवळी घासणाऱ्याला होईल, हे मनातच येत नाही.

युरोपात २००२ साली यासाठी मर्यादा ठरवल्या. हाताला बसणारी कंपनं आठ तासांच्या हिशेबात मांडायची. ती २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर कुणाला जाऊच द्यायचं नाही. आठ तासांचा हिशेब असा : हत्यार प्रत्यक्ष हातात चालू असलेले तास भागिले आठ, त्याचं वर्गमूळ, गुणिले कंपनाचा आकडा. म्हणजे दोन गोष्टी मोजायला हव्यात, वेळ आणि थरथर. वेळ मोजणं सोपं. तिथूनच सुरुवात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नव्या मुलाला स्टॉपवॉच दिलं आणि काकांचा मोटर चालू असलेला वेळ टिपायला बसवलं. काकांना विचारलं तर म्हणाले, "दिवसभर मोटरच असते हो." प्रत्यक्षात तीन तास दहा मिनिटं भरली. बाकी वेळ मॉडेल (जबड्याचा प्लास्टरचा ठसा) बघणं, बर (मोटरचं घासणारं टोक) बदलणं, फुंकर मारणं, चहा, फोन. काकांना हा आकडा पटेना; नऊ तास टेबलावर बसतो आणि तीनच तास कसे, म्हणून थोडे नाराजही झाले. मी त्यांना सांगितलं की हे तुमच्या कामाचं माप नाही, मोटरचं आहे.

दुसरी गोष्ट दिसली. खालच्या एका कवळीला सरासरी चौदा मिनिटं ट्रिमिंग, म्हणजे घासून आकार देणं, लागतं. त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं कडेचा फ्लॅश (साच्यातून बाहेर आलेला जादा माल) काढण्यात जातात. फक्त टिपून ठेवतेय.

११ नोव्हेंबर, सोमवार

थरथर मोजायची म्हणून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. हँडपीस (मोटरचा हातात धरायचा भाग) मोबाइलला टेकवला, आकडे भराभर आले, मी तक्ता पण केला. संध्याकाळी भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं तक्ता बघितला आणि म्हणाला, "मावशी, हा फाडून टाक."

कारण त्यानं समजावलं ते असं. आमचा हँडपीस मिनिटाला ३५,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५८३. माझ्या मोबाइलमधला सेन्सर सेकंदाला २०० वेळा बघतो. जितक्या वेळा बघायचं त्याच्या निम्म्यापर्यंतचीच थरथर खरी कळते, म्हणजे १००. त्यापुढची एकतर दिसत नाही, नाहीतर भलत्याच आकड्याचं सोंग घेऊन येते. माझा तक्ता सगळा सोंगांचा. फाडला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काकांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मनगट वाकवून धरायला लावलं, मिनिटाच्या आत मुंग्या. मग नसांची चाचणी केली. उजव्या मनगटातून जाणारी मीडियन नस संथ आहे : कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दबण्याचा आजार. रक्तात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फिजिओथेरपिस्ट ताईंनी बारीक नायलॉनचे तंतू बोटांच्या टोकांना टेकवून पाहिले. २.८३ क्रमांकाचा तंतू निरोगी हाताला कळतो. काकांच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला तो कळला नाही, त्याहून जाड ३.६१ चा कळला. करंगळीला मात्र २.८३ चा कळला.

बोटं पांढरी पडतात का, हे त्यांनी नीट विचारलं. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा पटकन ओळखू येत नाही, म्हणून नखांच्या खालचा रंग आणि बोटाच्या आतली बाजू बघायला सांगितली. तसं काही नाही. त्रास रक्तवाहिन्यांचा दिसत नाही, नसांचा आहे.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे मोटरमुळे झालं का? त्यांनी सरळ उत्तर दिलं : एकट्या मोटरमुळे झालं असं म्हणता येणार नाही. मनगट वाकवून घट्ट पकडणं, साखर, वय, तंबाखू आणि थरथर हे सगळं एकाच नसेवर येऊन बसलंय. त्यातलं लॅबमध्ये काय बदलता येईल ते तुम्ही बघा, बाकीचं आम्ही बघतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिलाय. तंबाखू सोडायला सांगितलीय. निकोटिननं बोटांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात.

येताना काका रिक्षात गप्प होते. मी त्यांना म्हटलं, घरी बसायचा विषय नाही. तेवढं बोलून ठेवणं मला फार गरजेचं वाटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि लॅबचं शटर अर्धं उघडून बसले. इथल्या अंबड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये काम करणारा मावसभाऊ डायल गेज (बारीक डोल मोजणारं काट्याचं उपकरण) घेऊन आला होता. लेथच्या पकडीत फिरणारा तुकडा किती डोलतो हे तो रोज बघतो, त्याला हँडपीस म्हणजे खेळणं वाटलं.

२.३५ मिलिमीटरची घासून बिनचूक केलेली पिन हँडपीसच्या कोलेटमध्ये (बर धरणाऱ्या पकडीत) धरली, बाहेर आलेल्या टोकाला डायल लावला आणि हातानं सावकाश फिरवलं. नव्या मुलाच्या हँडपीसचा डोल दोन शतांश मिलिमीटर. दुसऱ्याचा सात शतांश. काकांचा बारा. भाऊ म्हणाला, "एवढा रनआऊट आमच्याकडे असता तर फोरमननं मशीन बंद केलं असतं." काकांचा हँडपीस सगळ्यात जुना. बाबांनी घेतलेला म्हणून ते दुसरा घेत नाहीत, आणि मीही कधी आग्रह केला नाही. ही चूक माझी.

मग बर तपासले. पद्धत साधी : आरशाच्या काचेवर बरचा दांडा ठेवून बोटानं लोटायचा. सरळ असेल तर शांत घरंगळतो, वाकडा असेल तर डोकं वर-खाली होतं. ४१ बरांपैकी १७ नाचले. त्यातले काही खाली पडून वाकलेले, काही कोलेटमध्ये पूर्ण आत न घालता वापरलेले. दांडा अर्धा बाहेर ठेवून काम करायची सवय आमच्याकडे आहे, कारण त्यामुळे कवळीच्या खोल भागात पोचता येतं. त्यासाठी लांब दांड्याचा बर मिळतो. तो आणायचा.

१७ बर फेकले. वाईट वाटलं, कार्बाइडचा बर स्वस्त नसतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाच्यानं सेन्सर जोडून आणला. एडीएक्सएल३४५ नावाची चिप, सेकंदाला ३,२०० वेळा बघते, म्हणजे १,६०० हर्ट्झपर्यंतचं (सेकंदाला १,६०० हेलकाव्यांपर्यंतचं) दिसतं. वजन दोन ग्रॅमच्या आत. वजन महत्त्वाचं, कारण हँडपीस स्वतःच हलका; त्यावर जड सेन्सर बांधला तर थरथर दाबली जाते आणि खोटा दिलासा मिळतो. बोटं जिथं टेकतात त्याच्या शेजारी फेविक्विकच्या थेंबानं चिकटवला. आधी सेन्सर उलटासुलटा करून गुरुत्वाकर्षणाचा आकडा बरोबर येतो का पाहिलं. प्रयोगशाळेतलं प्रमाणित यंत्र लाखांच्या घरात जातं, ते आम्हाला परवडणारं नाही. म्हणून आमचा आकडा तुलनेपुरता धरायचा, असं ठरवूनच सुरू केलं.

एक टाकाऊ कवळी घेऊन प्रत्येक वेळी त्याच जागी, तोच माणूस, त्याच वेगानं घासत होता. बिनडोलाचा हँडपीस आणि सरळ बर : सगळ्या दिशा मिळून साधारण ४० मीटर प्रति सेकंद वर्ग. काकांचा हँडपीस आणि फेकलेल्यांतला एक बर : सेन्सरची मर्यादा १६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट), ती ओलांडली आणि आलेख वरून कापल्यासारखा सपाट झाला. म्हणजे आकडा मिळालाच नाही. भाचा म्हणाला, "निदान चौपट समज." मी वहीत "मोजता आलं नाही" एवढंच लिहिलंय.

काकांनी तो आलेख बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "हात सांगत होता की."

२ डिसेंबर, सोमवार

काकांचा हँडपीस दुरुस्तीला दिला होता, बेअरिंग आणि कोलेट दोन्ही बदलून आला. डोल आता तीन शतांश. दुरुस्तीवाल्यानं जुनं बेअरिंग कागदावर ठेवून दाखवलं : आत अ‍ॅक्रिलिकची भुकटी आणि तेल यांची काळी पेस्ट झालेली. आमच्या हँडपीसच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की बेअरिंग बंद आहेत, तेल घालू नये. आम्ही दर शनिवारी नेमानं घालत होतो! क्लिनिकमधल्या टर्बाइनला (दात कोरायच्या हवेवर फिरणाऱ्या हत्याराला) तेल लागतं, त्याचीच सवय इथं आली असणार.

आता नियम असा. रोज संध्याकाळी कोलेट उघडून कोरड्या ब्रशनं साफ करायचं. दर सोमवारी सगळे बर काचेवर. नाचला तर डब्यात, विचारायचं नाही. डायल गेज भाऊ दर तीन महिन्यांनी आणणार.

९ डिसेंबर, सोमवार

हातमोजे. कंपन शोषणारे म्हणून विकतात ते एक जोड मागवले आणि आठवडाभर वापरून बघितले. जाड मोज्यातून हँडपीसचा अंदाज येत नाही, म्हणून माणूस आणखी घट्ट पकडतो. जितकं घट्ट पकडाल तितकी थरथर हातात जास्त उतरते. शिवाय पॉलिशिंगच्या लेथजवळ सैल मोजा म्हणजे बोट ओढलं जायची भीती. परत पाठवले.

त्यापेक्षा हँडपीसवर सिलिकॉनची नळी चढवली, पकड जाड आणि मऊ झाली. बेंच पिनची (काम टेकवायच्या टेबलावरच्या खुंटीची) उंची प्रत्येकाच्या कोपराप्रमाणे केली, त्यामुळे मनगट सरळ राहतं. काकांची पिन तीन इंच खाली होती. इतकी वर्षं ते मनगट वाकवून काम करत होते, आणि डॉक्टरांनी नेमकं त्याच मनगटावर बोट ठेवलं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

हिशेब मांडला आणि गोंधळले.

प्रमाणित पद्धतीत सगळी थरथर सारखी धरत नाहीत. ८ ते १६ हर्ट्झची थरथर पूर्ण वजनानं धरतात आणि पुढे वजन उतरत जातं. आमच्या ५८३ हर्ट्झला ते जवळजवळ सदतिसावा भाग उरतं. म्हणजे ४० चे झाले १.१, आणि तीन तास दहा मिनिटांचा हिशेब लावल्यावर ०.७. उपाय सुरू करायची रेषा २.५ वर. ब्रिटनमध्ये यालाच गुणांत मांडतात, तिथं १०० गुणांवर मालकाची जबाबदारी सुरू होते. आमचे भरतात आठ.

कागदावर आमची लॅब सुरक्षित. काकांना मात्र बटण लावता येत नाही.

कॉलेज रोडला क्लिनिक असलेल्या डॉक्टर मॅडमकडे हा कागद घेऊन गेले, त्या दंतवैद्य, आमच्या जुन्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, आमची गत तर आणखी चमत्कारिक. टर्बाइन मिनिटाला चार लाखांच्या आसपास फिरतं, म्हणजे सेकंदाला ६,६०० हून जास्त. अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचा थर काढायचं हत्यार) सेकंदाला पंचवीस हजारांच्या पुढे. प्रमाणित मोजणी १,२५० हर्ट्झच्या पट्ट्यापाशी संपते. आमचं हत्यार त्या मोजणीच्या बाहेरच आहे, म्हणून आकडा छोटा येतो. पण स्वीडनमध्ये १९८० आणि ९० च्या दशकांत दंतवैद्यकातल्या लोकांची बोटं तपासली, तेव्हा कंपन ओळखायची बोटांची शक्ती कमी झालेली आढळली होती.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. कमी वारंवारतेची थरथर कोपरा-खांद्यापर्यंत चढते. जास्त वारंवारतेची वर चढत नाही, बोटांतच जिरते. आणि बोटांच्या टोकांत कंपन ओळखणारे जे सूक्ष्म ग्राहक असतात, पॅसिनियन कॉर्पसल, ते २५० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असतात. आमचा मोटर २०,००० वर चालवला तर ३३३ हर्ट्झ. त्यांच्या अगदी दारात.

मी आकड्यांच्या विरोधात नाही. सिमेंटचा रस्ता फोडणाऱ्याला तो ५ चा आकडा वाचवतो. पण कवळीच्या कामात बोटाचं टोक हेच आमचं मोजमापाचं यंत्र आहे, आणि त्याच टोकात ही थरथर जिरते. ०.७ वर विसंबून मी हे काम थांबवणार नाही.

यातून एक बदल आजच केला. मोटर खाली ठेवल्यावर काही मिनिटं बोटाची टोकं तात्पुरती बधिर असतात, हे निरोगी हातालाही होतं. आणि आम्ही कवळी आतून तपासतो ती नेमकी त्याच मिनिटांत! आजपासून ज्यानं घासली त्यानं तपासायची नाही. दुसऱ्यानं, मोटरवर न बसलेल्यानं, आधी कापूस आणि मग बोट. सिरॅमिकवर काम करणाऱ्या ताईंनी हे काम आनंदानं घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांना दोन दाणे सापडले, एक माझ्या हातच्या कवळीत.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

वेगाचा प्रयोग झाला. बरचं असंतुलन कायम धरलं तर वेग निम्मा केल्यावर धक्का चौथाई होतो, हे भाच्यानं सांगितलं होतं. ३५,००० वरून २०,००० वर आलो आणि बारीक दातांच्या बरऐवजी मोठ्या दातांचा क्रॉस कट घेतला. सेन्सरवर थरथर निम्म्याहून खाली आली. वेळ मात्र वाढला, चौदा मिनिटांची कवळी सतरावर गेली. मोठ्या डोक्याच्या बरांच्या पाकिटावर कमाल वेग छापलेला असतो. आम्ही तो कधी वाचला नव्हता, आणि दोन प्रकारचे बर तर आम्ही मर्यादेच्या वरच पळवत होतो.

सतरा मिनिटांवर कुणी खूश नव्हतं. डिसेंबरात परदेशातून मुलं घरी येतात, म्हणून आईवडिलांचे दात त्याच महिन्यात हवे असतात. ते ढीग अजून उपसतोय. तेव्हा चहाच्या वेळी काका म्हणाले ते शब्दशः लिहून ठेवते : "ताई, आपण घासायचं कसं ते बघतोय. एवढं घासायला उरतं का, ते बघा ना. तुमचे बाबा मेणातच कवळी पुरी करायचे."

मी ८ नोव्हेंबरचं पान काढलं. निम्मा वेळ फ्लॅश काढण्यात.

फ्लॅश का येतो, हे कवळी बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अ‍ॅक्रिलिकचा गोळा जास्त भरला, ट्रायल क्लोजर (साचा आधी हलका बंद करून बघणं) न करता फ्लास्क (साच्याचा डबा) एका दमात आवळला, तर जादा माल दोन भागांच्या मधून बाहेर येतो आणि जाड पापुद्रा होऊन बसतो. दोनदा ट्रायल क्लोजर करून दर वेळी जादा माल कापला तर पापुद्रा कागदासारखा येतो. कवळी आधी मेणात घडवतात; मेणात हिरडीचा उतार, दातांच्या मानेभोवतीची घडण, कडेची जाडी नीट केली असेल तर अ‍ॅक्रिलिकमध्ये ते पुन्हा कोरावं लागत नाही. आणि मॉडेलवर प्लास्टरचे बुडबुडे राहिले नाहीत तर कवळीच्या आत दाणे येत नाहीत. हे सगळं आम्ही शिकलो होतो. कामाच्या गर्दीत, मोटर आहेच म्हणून, सोडून दिलं. मेणात वाचवलेली पाच मिनिटं मोटरवर दहा होऊन परत येत होती, आणि ती काकांच्या बोटांतून वसूल होत होती.

सोमवारपासून काका सकाळचा अर्धा दिवस मेणाच्या टेबलावर, नव्या मुलाला शेजारी घेऊन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी लॅबमध्ये इतकी थंडी की डेंटल स्टोनची (मॉडेलच्या कठीण प्लास्टरची) पिशवी हाताला गार लागत होती. निफाडकडचा गारठा शहरातही येतो. सगळ्यांना तिळगूळ दिला आणि मग पगाराचा विषय काढला.

आमच्याकडे फिनिशिंग नगावर होतं. कवळीमागे इतके रुपये. त्यामुळे थांबणारा माणूस स्वतःच्या खिशातून थांबतो. वेग कमी करा, मध्ये हात सोडा, हे सांगायला मला तोंडच नव्हतं. आता तिघांनाही महिन्याचा पगार, मागच्या बारा महिन्यांची सरासरी धरून, वर पाच टक्के. हिशेबनीस म्हणाले की महाग पडेल. पडेल. परत येणाऱ्या केसचा खर्च, बरांचा खर्च आणि काकांसारखा माणूस शोधायचा खर्च मी त्यांना विचारला. त्यांच्याकडे त्याचा रकाना नव्हता.

थंडीचं दुसरं : प्युमिसचं (दगडाच्या बारीक भुकटीचं) पॉलिशिंग सकाळी पहिल्यांदा व्हायचं, गार पाण्यात हात भिजायचे, आणि त्याच हातांनी मोटर उचलायचे. क्रम बदलला. मोटर दहानंतर, हात कोमट पाण्यात शेकून कोरडे करून. पॉलिशिंग दुपारी. प्युमिस कोमट पाण्यात कालवायचं. हे बदलायला एक पैसा लागला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्टॉपवॉच पुन्हा. खालच्या कवळीचं ट्रिमिंग २०,००० वर, सरळ बरनं : सरासरी साडेसात मिनिटं. जानेवारीतल्या सतराच्या निम्म्याहून कमी, आणि दिवसाचा मोटरचा वेळ कुणाचाच दीड तासाच्या वर गेलेला नाही. मेण आणि पॅकिंगला मात्र दर कवळीमागे सहा-सात मिनिटं जास्त जातात. एकूण कवळी तितक्याच वेळात होते.

कास्ट पार्शलच्या (काही दातांपुरत्या ओतीव कवळीच्या) धातूचं काम तसंच आहे. कोबाल्ट-क्रोम कठीण, तिथं मेणातली सफाई मदत करते पण स्प्रू (ओतकामात उरलेली दांडी) कापणं आणि घासणं टळत नाही. ते काम आता दोघांत वाटून, सलग वीस मिनिटांच्या वर नाही. याहून चांगला उपाय अजून सापडलेला नाही. कवळ्या कॉम्प्युटरवर करून मशीननं कोरण्याबद्दल विचारणा करून झाली. आमच्या आकाराच्या लॅबला या वर्षी शक्य नाही.

नव्या मुलाची आज नायलॉनच्या तंतूंची चाचणी करून घेतली. वय एकोणीस, दहाही बोटांना २.८३. कागद त्याच्या फायलीत लावला. दर वर्षी करायची. काकांची अशी चाचणी चोवीस वर्षांपूर्वी कुणी केली असती तर आज तुलना करायला काहीतरी असतं. मुलगा विचारत होता, "मला काही झालेलं नाही, मग कशाला?" काकांनीच त्याला उत्तर दिलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर दिवसभर त्यानं बर अर्धा बाहेर ठेवला नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी, लॅब बंद. जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्यात, मुलं तिकडेच.

२७ मार्च, गुरुवार

काकांची फेरतपासणी. रात्रीच्या मुंग्या आठवड्यातल्या पाच-सहा रात्रींवरून एक-दोन रात्रींवर आल्या. पट्टा रोज बांधतात. तंबाखू सुटलेली नाही, कमी झालीय, हे त्यांनी स्वतः सांगितलं. साखर ५.९. मधल्या बोटाला आता २.८३ चा तंतू कळतो. तर्जनीला अजून कळत नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने असंच चालवा, मग शस्त्रक्रिया हवी का ते ठरवू. मनगटातली नस मोकळी करता येते. बोटाच्या टोकात जे गेलंय ते किती परत येईल, याचा शब्द त्यांनी दिला नाही.

परत येताना काकांनी विचारलं, तर्जनी नाही सुधारली तर? मी म्हटलं, तपासायला मधलं बोट वापरा, आणि मेणाच्या टेबलाला तुमची गरज आहे. ते म्हणाले, मेणाला तर्जनी लागते, ताई. मी काही बोलू शकले नाही.

दुपारी त्यांनी मेणाचा चाकू गरम केला, नव्या मुलाला जवळ बसवलं आणि दातांच्या मानेशी उतार कसा द्यायचा ते त्याच्या हातावर हात ठेवून दाखवलं. उद्या डायल गेजची तारीख आहे.